बेसिन ओलं आहे का, ते पाहजो

प्रिय पोरी,

काल तुझे बाबा पानठेल्यावर भेटले. म्हणाले, "कापसाचा दुसरा वेचा अर्धा राहिला आहे भाऊ, पण पोरीले घेऊन अमरावती-अकोला पाहून येतो म्हणतो." ऐकून बरं वाटलं. आपल्याकडे म्हैस घेताना दोन वेळची धार समोर काढून पाहतात, अन् चार वर्षांचं कॉलेज मात्र फ्लेक्सवरचा फोटो पाहून ठरवतात.

मी काही प्राध्यापक नव्हतो, हे तुला ठाऊकच आहे. एकतीस वर्षं रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये परिचर होतो. बाटल्या धुतल्या, द्रावणं भरून ठेवली, फुटलेल्या ब्युरेटचा हिशेब दिला. कॉलेज मी मागच्या दारानं पाहिलं, म्हणून ते पाहायचं कसं, एवढं मला सांगता येईल. कोणतं घ्यावं ते मी सांगणार नाही.

जायचं ते चालू दिवशी, मंगळवार-बुधवार गाठून. संक्रांतीच्या आत उरकून घ्या, पुढं तुझी प्रॅक्टिकल अन् बोर्डाचे पेपर आहेत. ॲडमिशनच्या दिवसांत जाण्यात अर्थ नाही. तेव्हा मांडव असतो, चहा असतो, गोड बोलणारा माणूस फाटकापासून सोबत चालतो. अन् मे महिन्यातलं कॉलेज म्हणजे हंगाम संपलेली जिनिंग. कुलूप पाहून काय कळणार?

गेलीस की आधी लॅब दाखवा म्हणजो. लॅबमध्ये मशीन किती, हे मोजू नको. बेसिन ओलं आहे का, ते पाहजो. जिथं पोट्टे रोज हातानं काम करतात तिथं बेसिन कोरडं राहत नाही. नळाखाली डाग असतात, टेबलावर ॲसिडचे चट्टे असतात, ब्युरेटची तोटी फिरवली की फिरते. बाटलीवरच्या चिठ्ठीवर हातानं लिहिलेली तारीख असते, ती या महिन्यातली आहे की दोन वर्षांपूर्वीची, ते वाचजो. लॅब आरशासारखी चकचकीत दिसली तर मला शंका येते. कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघालं नसेल तर समजून जाजो. लायब्ररीत तुझ्या विषयाचं एखादं पुस्तक काढून मागची तारखांची चिठ्ठी पाहजो. हल्ली बऱ्याच ठिकाणी नोंद कॉम्प्युटरवर असते, तर निदान पानं हाताळलेली आहेत का, ते तरी कळेल.

हे मी का सांगतो, तेही ऐक. मी होतो त्या कॉलेजात एकदा नॅकची, म्हणजे कॉलेजचा दर्जा ठरवणारी समिती येणार होती. आठ दिवस आम्ही रात्री नऊपर्यंत थांबलो. खोक्यात पडलेली उपकरणं बाहेर काढली, पुसली, मांडली. नर्सरीतून भाड्यानं कुंड्या आल्या. समिती गेली, कुंड्या परत गेल्या, उपकरणं पुन्हा खोक्यात. त्याच आठवड्यात एक शेतकरी पोराला घेऊन कॉलेज पाहायला आला होता. तेव्हा कुंड्या अजून उचलायच्या होत्या. त्यानं मला विचारलं, "भाऊ, चांगलं आहे ना?" मी मान हलवली. पोरगं दुसऱ्या वर्षी मला म्हणालं, "काका, तुम्ही तरी सांगायचं." त्या पोराला काय उत्तर द्यावं, ते मला आजही सुचलेलं नाही.

म्हणून माझ्यासारख्याला विचारलंस तरी एकट्या त्याच्यावर विसंबू नको. पोरींना विचार, अन् त्यातही तिसऱ्या वर्षाच्या. पहिल्या वर्षाची अजून हवेत असते, शेवटच्या वर्षाची नोकरीच्या घोरात. "कॉलेज कसं आहे?" असं विचारलंस तर "मस्त" म्हणतील अन् संपलं. "मागच्या आठवड्यात कोणतं प्रॅक्टिकल झालं?" असं विचार. "गणितात मागं पडलेल्या मुलीकडं कोण पाहते?" असं विचार. फळ्यावर नाव झळकणाऱ्या पोरीचं कुठंही निभते. मधल्या बाकावरच्या पोरीचं काय होते, त्यावर कॉलेज कळते, अन् खरं सांगायचं तर आपण बहुतेक जण मधल्या बाकावरचेच.

जेवण मेसमध्येच करा, बाहेर नको. वरणात काय तरंगते त्यापेक्षा पोरी ताटात किती टाकून उठतात, ते पाहजो. होस्टेलचं फाटक किती वाजता लागते, पाणी किती वेळ येते, रात्री ताप आला तर दवाखान्यात कोण नेते, हे रेक्टरबाईंना तूच विचार. ऑफिसात बाबा गप्प राहतील, तिथं त्यांना अवघडल्यासारखं होते. पण भिंतीला ओल कुठून येते, ते त्यांना तुझ्याआधी दिसेल. सोबत घेऊन फिर त्यांना. खांद्यावरच्या दुपट्ट्याची लाज वाटून फाटकावर बसवून ठेवू नको.

नोकऱ्या लागल्याचा फलक मोठा असतो. एकाच पोराचा फोटो तीन कंपन्यांखाली आहे का, बघून घे, अन् वर्गात पोरं एकूण किती होती, तेही विचार.

आता कुठं जायचं ते. अमरावतीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६४ चं आहे, ते पाहाच. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ चं. मागच्या हंगामात आपल्या गावात रांगोळीनं गावाचा नकाशा काढणाऱ्या, बीजप्रक्रिया करून दाखवणाऱ्या कृषिकन्या, म्हणजे कृषी कॉलेजच्या पोरी आल्या होत्या. त्यांच्यातल्या कुणाचा नंबर तुझ्याकडे असेलच. जायच्या आधी तिला फोन कर. माझ्याकडून एक नाव जोडतो, नागपूरचं एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. अमरावती रोडवर आहे, १९४२ पासूनचं. रासायनिक तंत्रज्ञान, तेल, अन्न असं सगळं तिथं शिकवतात. बाबांच्या डोक्यात कॉम्प्युटर आहे अन् तुझी ओढ रसायनाकडं, हे मी बारावीच्या तुझ्या वहीवरूनच ओळखलं. भांडू नको. दोन्ही लॅब त्यांना दाखव, अन् तू कुठं जास्त वेळ रेंगाळतेस ते त्यांना पाहू दे.

पैशाचं थोडक्यात. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ओबीसी, ईडब्ल्यूएस अन् एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क अन् परीक्षा शुल्क माफ आहे. तुम्ही त्यात बसता. पण ही माफी कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशालाच आहे, मॅनेजमेंट कोट्याला नाही, अन् होस्टेल-मेसचा खर्च तिच्यात येत नाही. म्हणून "मुलींना फुकट आहे" असं कुणी म्हटलं की बाकीच्या फीची यादी लेखी मागून घे. अल्पभूधारक म्हणून पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यात बसता का, तेही महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर पाहून घ्या.

जात वैधतेचा अर्ज टाकला का? नसेल तर कॉलेज पाहणं नंतर, आधी तो. जुलैत त्या एका कागदापायी मिळालेली जागा हातची गेलेली पोरं मी पाहिली आहेत. कॅपमध्ये कॉलेजांचे पर्याय भरताना एवढं ध्यानात असू दे की, पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो. मनात नसलेलं नाव वरती टाकू नको. अन् निकालानंतर तालुक्याला गाडी घेऊन एजंट फिरतील, लॅपटॉप देतो म्हणतील, मूळ टीसी मागतील. झेरॉक्ससुद्धा देऊ नको.

एसटीत तुला अर्धं तिकीट आहे, बाबांना पूर्ण. परतीची शेवटची गाडी किती वाजता, ते जातानाच कंडक्टरला विचारून ठेवा. मेसमध्ये जेवलात तरी डबा सोबत असू द्या, बाबांना बाहेरचं सोसत नाही.

आल्यावर सवडीनं घरी ये. फोटो दाखवलेस तरी चालतील, पण आधी बेसिनचं सांगजो.

तुझा,
लॅबवाला काका