एकाच संघात खेळवा

प्रश्न : आमच्या पेठेतील दोन शेजारच्या गल्ल्यांपैकी एकीत बहुतेक घरे हिंदूंची, तर दुसरीत मुसलमानांची आहेत. तरुणांमधील बोलणे कमी झाले म्हणून आमच्या तालीम मंडळाने दोन्ही गल्ल्यांचा फुटबॉल सामना ठेवला आणि नंतर जेवणही घातले. सामन्यात वादावादी झाली, पंगतीही वेगवेगळ्या बसल्या. आमचे काय चुकले?
– एक कार्यकर्ता, कोल्हापूर

उत्तर : आपला हेतू चांगला होता, आखणी मात्र उलटी झाली. कोल्हापुरात फुटबॉल हा पेठेच्या इभ्रतीचा विषय असल्यामुळे, आधीच दुरावलेल्या गल्ल्यांना समोरासमोर उभे केले की त्या दुराव्याला जर्सीचा रंगही मिळतो.

मॅट लो या संशोधकाने उत्तर प्रदेशातील खेड्यांमध्ये क्रिकेटच्या स्पर्धा भरवून नेमके हेच तपासले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, वेगवेगळ्या जातींचे तरुण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे एका संघात आले, तेव्हा त्यांच्यात जातीपलीकडची मैत्री वाढली. प्रतिस्पर्धी म्हणून भेटल्याने मात्र हा लाभ बहुतांशी घटला. म्हणून पुढच्या वेळी गल्लीनिहाय संघ न करता प्रत्येक संघात दोन्हीकडची मुले निम्मी-निम्मी घ्यावीत.

जेवणाबाबतही असाच अनुभव आहे. मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा येथील शिबिरात मुलांचे दोन गट आधी स्पर्धेला लावले. वैर वाढल्यावर एकत्र जेवण घालूनही ते मिटले नाही, उलट भांडणांना जागा मिळाली. शिबिराचे पाणी बंद पडले आणि ते सुरू करण्यासाठी दोन्ही गटांचे हात लागले, अशा कामांतून हळूहळू कटुता ओसरली. (मुलांना न सांगता असे प्रयोग करणे आज कोणी मान्य करणार नाही.) आपल्याकडे असे काम शोधावे लागत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की वृद्धांना हलवणे आणि सामान वर चढवणे हे काम कोणत्याही एका गल्लीला झेपत नाही. त्याच्या तुकड्या पावसाळ्यापूर्वीच मिश्र करून ठेवाव्यात.

दोन गटांच्या संपर्कातून पूर्वग्रह कमी व्हावेत यासाठी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच समान दर्जा, समान उद्दिष्ट आणि सहकार्य यांच्या जोडीला अधिकारी व्यक्तींचा पाठिंबा ही अट सांगितली होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः चहा घेणाऱ्या शाहू महाराजांना तिचे महत्त्व त्याआधी कित्येक वर्षे ठाऊक होते. म्हणून मंडळाच्या ज्येष्ठांनी केवळ बक्षीस समारंभाला येऊ नये. संघनिवडीच्या वेळीच त्यांनी बसावे.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. संशोधक सल्मा मूसा यांनी उत्तर इराकमध्ये ख्रिस्ती खेळाडूंना मुस्लिम सहकाऱ्यांसह फुटबॉल खेळायला लावले, तेव्हा मैदानावरील वागणे सुधारले, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुसलमानांबद्दलचे वागणे फारसे बदलले नाही. त्यामुळे सरावानंतरच्या घरी येण्या-जाण्याची सोय स्पर्धेच्या आखणीतच करावी आणि एका हंगामानंतर संघ मोडू नयेत.