उघडून साफ केलेला लॅपटॉप सुरू का होत नाही?

प्रश्न : आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात आहे. वेचलेला कापूस भाव येईपर्यंत आम्ही घरातल्याच खोलीत भरून ठेवतो आणि मुलगी तिथेच लॅपटॉपवर अभ्यास करते. पंखा फार आवाज करू लागला, म्हणून मी कीबोर्ड, बॅटरी आणि पंखा काढून आतली रुई साफ केली व सर्व पुन्हा बसवले. आता चार्जर लावला की कडेचा दिवा लागतो, पण बटण दाबल्यावर काहीच होत नाही. दोन स्क्रू उरले आहेत. एका दुकानात मदरबोर्ड गेल्याचे सांगितले. मुलीचा प्रकल्प त्यातच आहे. काय करावे?
– एक वाचक

उत्तर : मदरबोर्ड, म्हणजे लॅपटॉपचा मुख्य सर्किट बोर्ड, गेला हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. दिवा लागतो त्या अर्थी चार्जर वीज देतो आहे आणि ती बोर्डपर्यंत पोचते आहे. बटण दाबल्याचा निरोप मात्र बोर्डला मिळत नसावा. लॅपटॉप उघडण्यापूर्वी चालू होता, तेव्हा आपला हात जिथे लागला तिथेच आधी शोधावे.

पुष्कळ लॅपटॉपमध्ये सुरू करण्याचे बटण कीबोर्डचाच भाग असते आणि दोहोंची जोडणी एकाच चपट्या रिबन केबलने होते. आपण कीबोर्ड काढला होता, म्हणून माझा पहिला संशय या पट्टीवर आहे. चार्जर काढून, मागचे झाकण उघडून सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी आणि बटण 30 सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. मग पट्टीच्या कनेक्टरवरचा बारीक प्लास्टिकचा खटका नखाने अलगद वर करावा (काही कनेक्टरमध्ये तो बाहेर सरकतो), पट्टी पूर्ण बाहेर काढून पाहावी आणि पुन्हा सरळ, शेवटपर्यंत आत सरकवून खटका बंद करावा. पट्टीवरची आडवी रेघ कनेक्टरच्या कडेला समांतर दिसली पाहिजे. ती जराशी तिरपी असली, किंवा खटका बंद असतानाच पट्टी नुसती टेकवलेली असली, तर वरून सारे ठीक दिसते आणि बटण मात्र मुके राहते. पट्टीची चकाकणारी टोके कोणत्या बाजूला असावीत हेही तपासावे, कारण उलटी पट्टीही कधी कधी आत जाते. बटणासाठी वेगळी छोटी पट्टी असल्यास तिचीही अशीच तपासणी करावी.

उरलेल्या दोन स्क्रूंकडे दुर्लक्ष करू नये. ते बाहेर आहेत तोवर धोका नाही; पण आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू बसला असेल तर त्याचे टोक बोर्डला दाबून शॉर्ट करू शकते. प्रत्येक स्क्रूची लांबी भोकाशी पडताळून पाहावी आणि एखादा बोर्डखाली तर पडलेला नाही ना, हेही पाहावे.

एवढे झाल्यावर बॅटरी न जोडता केवळ चार्जरवर लॅपटॉप सुरू करून पाहावा. बहुतेक लॅपटॉप असे चालतात. पंखा फिरला पण पडदा काळाच राहिला, तर चार्जर काढून रॅम (तात्पुरत्या स्मृतीच्या चिप असलेली छोटी पाटी) काढावी आणि तिरपी घालून दोन्ही बाजूंच्या पकडी बसेपर्यंत दाबावी. सुरू होऊन काही सेकंदांत बंद पडला, तर पंख्यासोबत उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी निघाली होती का ते आठवावे. निघाली असल्यास प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट (त्याची उष्णता नळीपर्यंत पोचवणारा लेप) लावणे आवश्यक आहे. पडद्याची केबल मात्र बॅटरी जोडलेली असताना कधीही काढू-घालू नये, कारण तिरप्या जोडणीने पडद्याच्या प्रकाशाचा फ्यूज उडू शकतो. आपल्याकडे पावसाळा सोडला तर हवा कोरडी असते आणि अशा हवेत कापडाच्या घर्षणाने अंगावर साठलेली स्थिर वीज बोर्ड बिघडवू शकते, म्हणून ब्लँकेटवर किंवा गादीवर बसून हे काम करू नये, लाकडी टेबलावर करावे.

एवढे करूनही लॅपटॉप सुरू झाला नाही, तर बोर्डची प्रत्यक्ष मोजणी करणाऱ्या कारागिरालाच तो दाखवावा. मुलीच्या प्रकल्पाची काळजी त्याआधीच मिटवता येईल. हार्ड डिस्क किंवा एसएसडी सुटी निघणारी असेल, तर ती योग्य एन्क्लोजरमध्ये (डिस्क बाहेरून जोडण्याच्या पेटीत) घालून दुसऱ्या संगणकाला यूएसबीने जोडावी आणि फाइली उतरवून घ्याव्यात. विंडोजमधील बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल, तर त्यासाठी 48 अंकी रिकव्हरी की लागेल. ती बहुधा मुलीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते आणि मोबाइलवरूनही पाहता येते.