एनएसला गेलेला मुलगा घरी येऊन बोलतच नाही

सिंगापूरमधल्या मराठी आयांकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा आहे. मुलगा शुक्रवारी रात्री कॅम्पमधून येतो, जेवतो, झोपतो, शनिवारी दुपारी उठतो, फोनमध्ये डोकं घालून बसतो आणि रविवारी संध्याकाळी बॅग उचलून चालू पडतो, आमच्याशी धड दोन वाक्यं बोलत नाही, तर ताई, हे डिप्रेशन आहे का?

भारतात वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. सिंगापूरमध्ये 1967 पासून मुलांना सक्तीची नॅशनल सर्व्हिस, म्हणजेच एनएस आहे, आता ती पूर्णवेळ 2 वर्षांची असते, आणि नुसत्या नागरिकांना नाही तर आईवडिलांमुळे पीआर (कायम राहण्याचा परवाना) मिळालेल्या मुलांनाही ती करावी लागते. आर्मी, पोलीस किंवा सिव्हिल डिफेन्स, कुठे टाकतील ते आपल्या हातात नसतं. बारावीच्या बरोबरीचं शिक्षण किंवा डिप्लोमा झाला की साधारण अठरा-एकोणिसाव्या वर्षी बोलावणं येतं, युनिव्हर्सिटी त्यानंतर.

आता केस. मुलाची परवानगी आहे, नाव आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात. मिहीर म्हणूया. आईवडील ठाण्याचे, तो चार वर्षांचा असताना इथे आले आणि पीआर घेतली. टेकाँग बेटावरचं 9 आठवड्यांचं बेसिक ट्रेनिंग संपवून तो एका इन्फन्ट्री युनिटमध्ये गेला होता, आठवडाभर कॅम्पमध्ये राहायचं आणि वीकेंडला घरी. आई घाबरलेली होती कारण आधी हा मुलगा खूप बडबड्या. बाबा म्हणाले की आळशी झालाय, पुण्याला चुलतभाऊ इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि हा अजून खड्डे खणतोय.

मी आधी दोघांना स्पष्ट सांगितलं की तो सज्ञान आहे, जे सांगेल ते माझ्याकडे राहील, जिवाला धोका वाटला तरच तुम्हाला सांगेन. मग तो एकटा आला. डोकं बारीक कापलेलं, मान आणि हात उन्हाने काळवंडलेले, आणि पहिलं वाक्य, "काकू, आय एम नॉट डिप्रेस्ड, आय एम जस्ट टायर्ड." यावर लगेच विश्वास ठेवायचा नसतो आणि लगेच अविश्वासही दाखवायचा नसतो, म्हणून मी झोप, भूक, मित्र, गाणी, सगळं एकेक करून विचारलं. घरी गाढ झोप लागते, आईच्या हातचं वरणभात-तूप तर तीनदा घेतो, शनिवारी संध्याकाळी जुन्या मित्रांबरोबर बास्केटबॉल सुटलेलं नाही. मरणाचे विचार येतात का हे मी सरळ शब्दांत विचारलं, कारण ते विचारल्याने कुणाच्या डोक्यात नव्याने काही शिरत नाही. नाही म्हणाला, आणि नजर न चुकवता म्हणाला.

मग बोलत का नाही? त्याचं उत्तर हळूहळू आलं आणि ते मला अजूनही महत्त्वाचं वाटतं. तो म्हणाला, माझ्या सेक्शनमधल्या बाकी पोरांचे बाबा, काका, मोठे भाऊ, सगळे हे करून आलेत. घरी जाऊन एक शब्द टाकला की बाबा हसतात, आमच्या वेळी तर असं होतं म्हणून सुरू होतात. आमच्याकडे मला पहिल्यापासून समजवावं लागतं, बुक-इन (कॅम्पमध्ये परत हजर होणं) म्हणजे काय, फील्ड कॅम्प (उघड्यावर राहून सराव) म्हणजे काय, आणि समजवून झालं की आई रडवेली होते आणि बाबा म्हणतात, हे सगळं तुझ्यासाठीच केलं. म्हणून मी काही सांगतच नाही.

हे आपल्या लोकांच्या बाबतीत अगदी खरं आहे. पहिल्या पिढीतल्या पीआर बापाला एनएस नसते, त्यामुळे आपल्या घरातून जाणारा मुलगा हा घरातला पहिलाच असतो. त्यात पीआरच्या कागदांवर सही झाली तेव्हा तो बालवाडीत होता, आणि आता पीआर सोडून पळ काढला तर पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला यायचं म्हटलं तर अडचण येते हे त्यालाही माहीत असतं. राग असतो पण आईबाबांवर काढता येत नाही, कारण त्यांनी कष्टच केलेत हे दिसत असतं.

दुसरी गोष्ट लाजेची होती. घोटा मुरगळला, डॉक्टरने दोन दिवस आराम लिहून दिला, आणि परत आल्यावर कुणीतरी 'केंग' म्हणालं, म्हणजे सोंग करणारा. खरं तर त्याला शब्दापेक्षा हे लागलं होतं की त्याच्या वाटचं सामान त्या दोन दिवसांत बडीने, म्हणजे जोडीला दिलेल्या मुलाने, उचललं. हे घरी का नाही सांगितलं? "आई सरांना फोन करेल." ही भीती मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलीय की आयांनी ती मनावर घ्यावी असं मला कळकळीने वाटतं.

बोलता बोलता कळलं की तो फोनच्या नोट्समध्ये रात्री दिवे मालवायच्या आधी रोज चार ओळी लिहितो. मी वाचायला मागितल्या नाहीत, त्यानेच वाचून दाखवल्या. एक गार्ड ड्यूटीची होती, पहाटेचं कोकिळेचं ओरडणं, सगळे वैतागतात पण मला साताऱ्याची आजी आठवते. एक बडीबद्दल होती, तो कॅम्पमध्ये यायच्या आधी डिलिव्हरीचं काम करायचा, घरात कमावणारा तोच होता, आता भत्त्यातले पैसे आईला देतो, आणि मी माझे हेडफोनवर उडवले. असा मुलगा माझ्या शाळेत कधी माझ्या शेजारी बसलाच नसता, असंही पुढे लिहिलं होतं. दोन वर्ष वाया गेली म्हणणाऱ्या बाबांना या ओळी ऐकवाव्यात असं मला फार वाटलं, पण त्या त्याच्या होत्या.

आणि एक पत्र. बेसिक ट्रेनिंगच्या फील्ड कॅम्पमध्ये घरून आलेली पत्रं मुलांना देतात, दिवसभर माती खणून, अंघोळ नाही, अंगावर नुसती पावडर, त्या अवस्थेत. मिहीरच्या आईने मराठीत लिहिलं होतं. शाळेत मातृभाषा म्हणून हिंदी घेतली होती म्हणून देवनागरी येत होती, तरी एकेक अक्षर लावत वाचलं. दोन पानं उपदेश होता, तो त्याला आठवतही नाही. आठवतं ते शेवटचं, की धाकट्याने तुझं टेबल बळकावलंय, मी रोज ओरडते, आणि खालच्या दुकानातल्या अंकलनी विचारलं की मोठा दिसत नाही. ते पत्र त्याने झिपलॉकमध्ये घालून ठेवलंय, पावसात भिजू नये म्हणून.

मग मी आईला एवढंच विचारलं (त्याला विचारूनच) की तुम्ही पत्रात त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता, आठवतं का? कारण घरी आल्यावर दारातच सुरू व्हायचं, जेवण बरं असतं का, त्रास देतात का, वजन का उतरलं, पुढे काय ठरवलंस. आठवडाभर उत्तरं देऊन आलेल्या मुलाला ही अजून एक हजेरी वाटते. तुम्ही त्याला घरातलं सांगा, बिल्डिंगमध्ये काय झालं, मंडळाच्या गणपतीत यंदा कोण नाटकात आहे, आजीचा फोन आला तर काय म्हणाली. शनिवारी झोपू दे, ते आजारपण नाही, थकवा आहे. रविवारी चारनंतर चिडचिड होणारच, तेव्हा करिअरचा विषय काढू नका.

बाबांशी वेगळं बोलले. ते बराच वेळ चुलतभावावरच होते, मग एकदम म्हणाले, मी काय विचारू हो, मला त्यातलं काही कळतच नाही. मी म्हणाले, हेच त्याला सांगा. पुढच्या रविवारी मुलगा फील्ड पॅक भरत होता तेव्हा ते शेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, मला दाखव. कुठले मोजे कुठल्या पिशवीत, जड सामान कुठे, पावडर सगळ्यात वर का. अर्धा तास तो बोलत होता, आईने स्वयंपाकघरातून ऐकलं.

आता जिथे खरंच काळजी करायची ते. घरी मोकळा वेळ असूनही झोप लागत नाही, आवडतं जेवण नको, मित्र तोडले, दारू वाढली, मी नसतो तर बरं झालं असतं असं काही बोलतो किंवा लिहितो, स्वतःला इजा करतो. उदासपणा दोन आठवड्यांच्या वर टिकला तर थांबू नका, इजेचं किंवा मरणाचं बोलला तर एक दिवसही नाही. कॅम्पमध्ये मेडिकल ऑफिसर आणि समुपदेशक असतात, आर्मीची चोवीस तास हेल्पलाइन आहे, आणि बाहेर समॅरिटन्स ऑफ सिंगापूरचा 1767 नंबर कधीही लागतो. अशा वेळी त्याच्या सरांना फोन करायला अजिबात लाजू नका. बाकी वेळी फोन करण्याआधी त्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर करू नका.