करारनाम्यावर सही करण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार.

बी. ए. ला शिकणारी आपली मुलगी घाटंजी तालुक्यातील गावातून एका संकेतस्थळासाठी कापूस, सोयाबीन आणि ग्रामीण जीवनावर लेख लिहिते. आता त्या संस्थेने इंग्रजी करारनामा पाठवला असून त्यावर सही करावी का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे, की काम सोडू नये, मात्र आहे तशा कागदावर सहीही करू नये.

आपण पाठवलेल्या प्रतीत लेखांचे सर्व हक्क कायमचे देण्याचे कलम आहे. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार नोकरीत नसलेला स्वतंत्र लेखक हाच सर्वसाधारणपणे आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो, आणि ते हक्क लेखी व सहीनिशी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत. म्हणूनच त्या संस्थेला ही सही हवी आहे. मक्त्याने दिलेले शेत मुदतीनंतर परत येते, विक्रीपत्र करून दिलेले येत नाही, हे आपल्याला सांगायला नको. तेव्हा ठराविक मुदतीपुरती प्रकाशनाची परवानगी देण्याची तयारी तिने कळवावी. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. इथे मात्र ‘कायमचे’ असे स्पष्ट लिहिले आहे, त्यामुळे त्या तरतुदीचा आधार मिळणार नाही.

मला अधिक काळजी वाटते ती नुकसानभरपाईच्या कलमाची. समजा, तिने अमुक कृषी केंद्राने बोगस बियाणे विकले असे नाव घेऊन लिहिले आणि हाती पावती किंवा पंचनामा नसला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीची तक्रार होऊ शकते, आणि या करारानुसार संस्थेचा कोर्टखर्चही तिच्याच माथी येईल. संपादकाने केलेल्या बदलांची जबाबदारी संस्थेची राहील, एवढे तरी त्यात लिहून घ्यावे.

मानधन ‘प्रकाशनानंतर’ देण्याऐवजी लेख स्वीकारल्यापासून ठराविक दिवसांत मिळावे. ई-मेलवर ठरलेल्या अटीही कायद्याने ग्राह्य धरल्या जातात, त्यामुळे फोनवरचे बोलणे तिने लगेच मेलने कळवत जावे.

स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. जाताना करारनामा आणि आजवरच्या मेलच्या छापील प्रती सोबत न्याव्यात.