नाशिकहून दोन लहान मुलांना घेऊन दोन दिवसांत मुंबई कशी दाखवावी?

तुमच्या यादीत राणीची बाग (भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय), गेटवे, एलिफंटा, बोरिवलीचं नॅशनल पार्क, जुहू आणि सिद्धिविनायक अशी सहा ठिकाणं आहेत. मुलं आठ आणि चार वर्षांची, हातात शनिवार-रविवार आणि मुक्काम डोंबिवलीला मावशीकडे. एवढं बसेल का आणि गाडी काढावी की रेल्वेने जावं, असं तुम्ही विचारलंय.

नाही बसणार. दोन ठेवा, चार काढा. आणि रेल्वेनेच जा.

मी नाशिकमध्येच इंदिरानगरला राहते. माझा मुलगा आता दहा वर्षांचा आहे आणि मुलगी सहाची. दोघांना घेऊन मुंबईच्या तीन फेऱ्या झाल्यात. पहिल्या फेरीची माझी यादी तुमच्यासारखीच होती, म्हणून हे इतकं ठासून लिहितेय.

आपल्या नाशिककरांचा अंदाज एका जागी हमखास चुकतो. आपल्याकडे कॉलेज रोडवरून पंचवटीत जायचं म्हटलं तर गर्दीच्या वेळीही अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. ‘गावातच आहे’ म्हणजे जवळ, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मुंबई दक्षिणोत्तर लांब आणि अरुंद आहे. गेटवे खालच्या टोकाला, नॅशनल पार्क वरच्या टोकाला, मध्ये जुहू. ही तिन्ही एका दिवसात करायची म्हणजे मुलांना मुंबई नाही, टॅक्सीच्या सीटची पाठ दाखवायची. म्हणून ठिकाणं निवडू नका, पट्टा निवडा. दोन दिवसांसाठी दक्षिणेचा पट्टा घ्या, सीएसएमटी ते भायखळा. बोरिवली पुढच्या वेळी स्वतंत्र करा. त्या जंगलाला एक पूर्ण दिवस द्यावा असंच ते आहे.

आता मावशीचं. हे लिहिताना मलाच अवघड वाटतंय, कारण माझी सख्खी आत्या कल्याणला आहे आणि ‘हॉटेलात उतरलात?’ हा प्रश्न मी ऐकलेला आहे. पण डोंबिवलीहून रोज लोकलने दक्षिण मुंबईत यायचं आणि परत जायचं, म्हणजे दारापासून दारापर्यंत दिवसाचे तीन तास प्रवासात. संध्याकाळी सातच्या कर्जत-कसारा लोकलमध्ये झोपलेलं चार वर्षांचं पोर खांद्यावर घेऊन चढणं काय असतं, ते मी एकदा अनुभवलंय, पुन्हा नको. एक रात्र फोर्ट किंवा सीएसएमटीच्या आसपास खोली घ्या. ते परवडत नसेल तर दादर बघा. मावशीला आधीच फोन करून सांगा की रविवारी दुपारी जेवायला येतो आणि तिकडूनच परत निघतो. पंचवटी एक्सप्रेस ठाणे आणि कल्याण दोन्हीकडे थांबते, त्यामुळे परतीला कल्याणहून चढता येतं. आरक्षण करतानाच चढण्याचं स्टेशन तसं टाका. मावशीची समजूत निघते आणि मुलांचे हालही होत नाहीत.

गाडी काढायचा मोह मला समजतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा मुलांना दाखवण्यासारखाच आहे. पण समृद्धीने घाटात वाचलेला वेळ भिवंडी-ठाण्याच्या गर्दीत जातो आणि त्यानंतर फोर्टमध्ये गाडी लावायला जागा शोधत फिरावं लागतं. शिवाय आमच्या धाकटीला घाटात उलटी होते. रेल्वेत ती उभी राहते, फिरते, खिडकीशी बसते, काही होत नाही.

पंचवटी नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास सुटते आणि पावणेअकराच्या आसपास सीएसएमटीला पोहोचते. निघण्याआधी वेळ एकदा तपासून घ्या. जागा आरक्षित करूनच जा आणि आपला डबा नीट बघून चढा, कारण या गाडीत पासधारकांचे डबे वेगळे असतात. ती माणसं वर्षानुवर्षं रोज त्याच जागेवर बसून जातात. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण मग त्याला स्वतःची जागाही नसते. पावणेचार तास मांडीवर घेण्यापेक्षा धाकट्याचंही तिकीट काढलेलं बरं. सकाळचा डबा घरून न्या. तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि सुकी बटाट्याची भाजी सगळ्यात सोयीची, सांडत नाही आणि हात फार माखत नाहीत.

इगतपुरी सुटली की मुलांना खिडकीशी बसवा. कसारा घाट आपल्याला सवयीचा झालाय, त्यांना नाही. या घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. त्यामुळे मुंबईहून वर येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. परतीच्या वेळी कसाऱ्यात गाडी थांबली आणि मागून हलका धक्का बसला की समजायचं, बँकर लागलं. आमच्या मुलाला त्याच्या बाबांनी हे आधी सांगून ठेवलं होतं. पोरगं कसारा येईपर्यंत जागं राहिलं, धक्का बसला तसं ‘लागलं!’ म्हणून ओरडलं आणि इगतपुरी यायच्या आत झोपलं. दोन दिवसांत काय आवडलं, असं आजीने विचारल्यावर त्याने पहिल्यांदा हेच सांगितलं. गेटवे तिसऱ्या नंबरवर आला.

शनिवारी सीएसएमटीला उतरल्यावर लगेच बाहेर पळू नका. ही इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. रस्ता ओलांडून समोर उभं राहिलं की भिंतीवर कोरलेले प्राणी दिसतात. मुलांना म्हणावं, माकड शोधा, मोर शोधा. वीस मिनिटं सहज जातात आणि फुकट जातात. १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी इथूनच, म्हणजे तेव्हाच्या बोरीबंदरहून, ठाण्याला गेली. तिला तीन इंजिनं होती: साहिब, सिंध आणि सुलतान. ही तीन नावं मुलांना पाठ करून द्या, दिवसभर म्हणत बसतात. खोली मिळायला वेळ असेल तर सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं, पण बॅगेला कुलूप असावं लागतं.

मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तुमच्या यादीत नव्हतं, मी घालतेय, कारण एक तर ते गेटवेच्या अगदी जवळ आहे आणि दुसरं म्हणजे भर दुपारी मुलांना सावली लागते. सगळं बघू नका. पेंढा भरलेल्या प्राणी-पक्ष्यांचं दालन, शस्त्रांचं दालन (अकबराचं चिलखत इथे आहे, मोठ्याला दाखवा) आणि आवारातच असलेलं मुलांचं वेगळं संग्रहालय, एवढं पुरे. जेवून, खोलीवर जाऊन तासभर आडवं व्हा. दुपारची ही झोप वगळली की संध्याकाळ रडण्यात जाते. माझ्या तिन्ही फेऱ्यांत याला अपवाद झाला नाही. ऊन उतरलं की गेटवे. तिथून एलिफंटाऐवजी बंदरातच फिरवून आणणारी अर्ध्या तासाची बोट घ्या. मुलांना बोट हवी असते, लेणी नको असतात. एलिफंटाला जायला तासभर आणि यायला तासभर, वर शंभरावर पायऱ्या, माकडं आणि ऊन. चार वर्षांचं मूल तुम्हालाच उचलावं लागेल. दोघंही मोठी झाली की जरूर जा, सोमवार टाळून, त्या दिवशी लेणी बंद असतात.

रात्री मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसा आणि दुसरं काही करू नका. रामकुंडावर पाण्यात उतरायची सवय झालेली आपली मुलं समुद्र दिसला की सरळ धावत सुटतात, तेव्हा हात घट्ट धरा.

हातावरून आठवलं. दुसऱ्या फेरीत एका लोकल स्टेशनच्या पुलावर माझ्या मुलीचा हात सुटला. दोन गाड्या एकदम आल्या, पूल भरला आणि माझ्या हातात तिची फक्त टोपी राहिली. दोन-अडीच मिनिटंच झाली असतील. ती जिन्याच्या कोपऱ्यात फुलं विकणाऱ्या एका मावशींच्या टोपलीशेजारी उभी होती. त्या मावशींनी तिला हाताशी धरून ठेवलं होतं आणि ‘आई येतीये, आई येतीये’ म्हणत होत्या. मला आजही ते आठवलं की घसा कोरडा पडतो. तेव्हापासून आमचा नियम आहे: हात सुटला की शोधायला निघायचं नाही, आहे तिथेच उभं राहायचं, आई मागे येते. घरून निघायच्या आधी हॉलमध्ये दोनदा हे करून बघतो. दोघांच्या खिशात आमच्या दोघांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी असते आणि मनगटाच्या आतल्या बाजूलाही बॉलपेनने नंबर लिहितो. रेल्वेचा १३९ आणि मुलांसाठीचा १०९८ हे नंबर फोनमध्ये घालून ठेवा.

यावरून लोकल टाळा असं म्हणत नाही. मुलांना लोकल दाखवायलाच हवी. फक्त वेळ आणि स्टेशन निवडा. रविवारी सकाळी सीएसएमटीहून स्लो लोकल धरा. गाडी तिथूनच सुटते म्हणून रिकामी मिळते. मस्जिद, सँडहर्स्ट रोड आणि मग भायखळा, म्हणजे तिसरंच स्टेशन. उतरायची घाई नाही, चढायची मारामारी नाही. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद ठेवणं, असतो, कुठल्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशी बघून घ्या. तो बहुतेक उशिरा सकाळी सुरू होतो, म्हणून लवकर निघालेलं बरं. पाऊस, सामान किंवा दमलेली मुलं असतील तर काळी-पिवळी टॅक्सी करा. रिक्षा शोधू नका, दक्षिण मुंबईत रिक्षाला परवानगीच नाही.

भायखळ्याहून राणीची बाग पायी जाण्यासारखी आहे. सकाळी उघडल्या उघडल्या पोहोचा. आई-वडील आणि दोन मुलं असं एकत्र तिकीट मिळतं, खिडकीवर तसं मागा. आत गेल्यावर आधी पेंग्विन, कारण पुढे त्याच दालनासमोर रांग लागते. हे हम्बोल्ट पेंग्विन २०१६ मध्ये सोलहून आणले. हे बर्फातले नाहीत, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. माझी मुलगी काचेला नाक लावून उभी राहिली. एक पेंग्विन पाण्याखालून सरळ तिच्याकडे आला, काचेजवळ वळला, गेला आणि परत आला. तिने हात डावीकडे नेला तर तो डावीकडे. पाच-सहा वेळा असं झालं. मागचे लोक ‘पुढे चला’ म्हणत होते आणि मला तिला तिथून ओढून काढणं जिवावर आलं. म्हणून लवकर जा म्हणतेय, सकाळी मागून कुणी ढकलत नाही. मग आत शिरून चालता येतं ते पक्ष्यांचं मोठं दालन बघा. बाकी झाडांखाली बसा, बाग १८६१ पासूनची आहे आणि झाडंही तशीच जुनी आहेत.

एलिफंटा काढलं म्हणून मोठ्याला वाईट वाटलं तर त्याला बागेला लागूनच असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात न्या. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा हे नाव दिलं, तो हत्ती इथे उभा आहे. हलवताना त्याचे तुकडे झाले होते, ते पुन्हा जोडून तो उभा केलाय. सांधे कुठे आहेत ते मुलाला शोधू द्या.

सिद्धिविनायक तुमच्या घरी श्रद्धेचा विषय असेल तर तो काढा असं मी म्हणणार नाही. आता भुयारी मेट्रो सीएसएमटीहून थेट सिद्धिविनायकापर्यंत जाते. पण मग रविवारी सकाळी लवकर दर्शन घ्या, बागेत थोडं उशिरा जा आणि मावशीकडचं जेवण हलकं ठेवा.

आणखी दोन-तीन गोष्टी. मुंबईची हवा दमट आहे, आपली मुलं नाशिकच्या कोरड्या हवेतली. मे महिन्यात जाऊच नका, डिसेंबर-जानेवारी उत्तम. प्रत्येकाचा एक जादा शर्ट हाताशी असू द्या. तुम्ही लहानपणी बघितलेलं तारापोरवाला मत्स्यालय मुलांना कबूल करून बसू नका, ते बरीच वर्षं बंद आहे. आणि काही कारणाने तुमचे दिवस बदलून बुधवार मध्ये आला तर राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड दोन्ही बंद असतात. त्या दिवशी त्याच भुयारी मेट्रोने वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला जा. सायन्स सेंटर नावाचंच स्टेशन आहे. तिथे बाहेरच्या आवारात जुनं वाफेचं इंजिन ठेवलंय, मुलांना ते आधी बघू द्या आणि मग आत न्या.