गुहागरला आईवडील एकटेच असतात, पावसात पडण्याची भीती कुठे जास्त?

आधी मागीलदारची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, बघा. जांभा दगड पाणी धरून ठेवतो, पावसाळा लागला की त्यावर शेवाळ आलंच. आमची आजी विहिरीवर नाही, तुळशीला पाणी घालताना घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून घ्या, वर झावळ्या पसरा. जुनी पद्धत आहे, पण पाय धरतो.

दुसरं, रात्री लघवीला उठणं. रक्तदाबाची गोळी असेल तर एकदम उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते. मिनिटभर खाटेवर बसूनच उठायचं. उशाशी बॅटरी हवीच, वीज कधी जाईल नेम नाही.

रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर बरं वाटलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा.