आधी नावं लिही

प्रिय पोरी,

रविवारी तू पिशवी उलटी केलीस आणि माझी सतरंजी भरून गेली. वॉशी टेपचे रोल, मोत्यांचे स्टिकर, लेस, सोनेरी कागद, फुलपाखरांचा पंच. सगळं मेन रोडवरून हौसेनं आणलेलं. आणि मग रडवेल्या आवाजात विचारलंस, "ताई, गटाच्या आठवणींच्या वहीसाठी थीम कोणती घेऊ?" आपल्या स्वयंसेवक गटाचे वर्षभरातले अकरा कार्यक्रम, फोटो सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि तुझी पानं 'साधी दिसतात' असं कुणीतरी बोलून गेलेलं.

मी तेव्हा धड उत्तर दिलं नाही. विसर्जनाच्या फोटोतला, गोदाघाटावर निर्माल्याची टोपली धरून उभा असलेला मुलगा कोण, असं मी विचारलं, तर तू म्हणालीस, "फर्स्ट इयरचा आहे, नाव नाही आठवत." तेव्हापासून तो मुलगाच डोक्यात आहे. दिवसभर वाकून त्यानं फुलं गोळा केली आणि आपल्या वहीत त्याला नाव नाही. थीमचं नंतर बघू. आधी नावं लिही.

सप्टेंबर २००८चा नाशिकचा पूर तुला आठवणार नाही, तू अगदी लहान असशील. गोदाघाटावरची ती उंच मूर्ती, दुतोंड्या मारुती, पूर्ण बुडाली होती. पाणी ओसरल्यावर आमचा गट आठवडाभर नदीकाठच्या घरांतून गाळ उपसत होता. पंचवटीतल्या एका वाड्यात, जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत चिखल असताना, एका आजींनी वरच्या मजल्यावर स्टोव्ह पेटवून आम्हाला चहा दिला. स्वतःच्या घरात कोरडं म्हणून काही उरलं नव्हतं, तरी साखर नेमकी वर ठेवली होती म्हणून त्यांना कोण आनंद झाला होता! कुणीतरी रोलच्या कॅमेऱ्यावर फोटो काढला. ओट्यावर आम्ही नऊ जण आणि मध्ये आजी.

त्या वर्षीची वही माझ्याकडे होती. मी तो फोटो नागमोडी कात्रीनं बदामाच्या आकारात कापला. भोवती लेस लावली, वर चकचकीत अक्षरांत 'मदतीचा हात' लिहिलं. बक्षीसही मिळालं. चार-पाच वर्षांनी त्या आजींचा मुलगा शोधत शोधत माझ्या दारात आला. आई गेली होती, पुरात घरातले सगळे फोटो गेले होते, आणि तुमच्या गटानं एक काढला होता असं त्याला आठवत होतं. मी वही उघडली. बदामाच्या कडेनं आजींचा अर्धा चेहरा कापला गेला होता. निगेटिव्ह कुणाकडे, तर फोटो कुणी काढला हेच मी लिहिलं नव्हतं. तो गृहस्थ काही बोलला नाही. पानावर हात फिरवला आणि गेला. मी त्याचंही नाव विचारलं नाही.

आता तुला कळेल मी रविवारी का चिडले. तुझ्यावर नव्हते चिडले.

तर कात्री बाजूला ठेव. फोटो लॅबमधून चार बाय सहाचे काढून घे. घरच्या प्रिंटरवर साध्या कागदावर काढलेले ओल लागली की पसरतात. फोटोंना फेव्हिकॉल फासू नकोस, पान लाटांसारखं फुगतं. कोपरे कर. चार बाय दोन सेंटिमीटरची कागदाची पट्टी आडवी धर, वरचे दोन्ही कोपरे खालच्या कडेच्या मध्यावर आणून दुमड, झाला खिसा. असे चार केलेस की फोटो कधीही काढता येतो, पुन्हा लावता येतो. कुणाचा मुलगा दारात आला तर त्याला देता येतो.

ग्रुप फोटोवर त्याच मापाचा बटर पेपर वरच्या कडेनं चिकटव, म्हणजे तो पापणीसारखा उघडेल. त्यावर पेन्सिलनं प्रत्येक डोक्याची नुसती कड काढ, आत आकडा घाल आणि खाली आकड्यांपुढे नावं. पूर्ण नावं. 'पप्या', 'डीजे', 'छोटी' हे आज तुम्हाला कळतं, दहा वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही. स्केचपेन नको, तो मागच्या पानावर उतरतो आणि रंगही उडतो; काळं वॉटरप्रूफ पेन घे. अक्षर वाईट असलं तरी तुझंच असू दे. आणि नावं त्याच आठवड्यात लिही! वार्षिक संमेलनाच्या आदल्या रात्री बसलीस की टोपलीवाल्या मुलाचं जे झालं तेच होणार.

हजेरीचा कागद फेकतेस ना? तो तर सोनं आहे. घडी घालून पाकिटात ठेव आणि पाकीट पानावर लाव. बसची तिकिटं, दुकानाच्या पावत्या यांची झेरॉक्स काढून तीच चिकटव, त्यांच्यावरची अक्षरं वर्ष-दोन वर्षांत उडतात. आणि त्यांचं लॅमिनेशन तर अजिबात नको, उष्णतेनं कागद काळा पडतो. वर्तमानपत्रातलं कात्रण पिवळं पडून शेजारचा फोटोही खराब करतं, त्याचीही झेरॉक्सच.

सजावटीशी माझं वैर नाही, तुला तसं वाटलं असेल तर काढून टाक. रंगपंचमीला तुम्ही रहाडीपाशी, रंगाच्या पाण्यानं भरलेल्या त्या दगडी हौदापाशी, पाणी वाटत होता, तेव्हा कुणाचा तरी कुर्ता रंगला असेलच. त्याचा तळहाताएवढा तुकडा माग, सावलीत वाळव, इस्त्री कर आणि पानावर सुई-दोऱ्यानं टाच. समोर बटर पेपर ठेव, नाहीतर रंग पलीकडे लागेल. तो रंग कुठल्या दुकानात मिळणार आहे? सत्तावीस फेब्रुवारीच्या पानावर तात्यासाहेबांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा, डाउनलोड केलेला फोटो कशाला? ज्या मुलानं कविता म्हटली, त्यानं पाठांतरासाठी लिहून काढलेला चुरगळलेला कागद लाव. खाली त्याचं नाव.

हे सांगताना मला एक जुनी गोष्ट बोचते, तीही सांगते. पुढे मी एका ठिकाणी मुलांच्या गटाला मदत करत असे. पाहुणे यायचे होते, तेव्हा वरून सांगणं आलं की मुलांच्या हातची वही नीटनेटकी दिसत नाही, संगणकावर छान पानं करून घ्या, नावांच्या याद्या काढा, जागा खातात. मी नाही म्हटलं. दोनदा बोलावलं, दोनदा नाही म्हटलं. शेवटी वही काढून घेतली आणि मलाही यायची गरज नाही असं कळवलं. लोक म्हणाले, एवढ्याशा गोष्टीसाठी ताणलंस. ताणलं. त्या यादीत वॉचमनकाकांचं नाव होतं, पहाटे साडेपाचला आमच्यासाठी गेट उघडणाऱ्या. ते काढून टाकायचं आणि त्या जागी फुलांची नक्षी? मी आजही नाहीच म्हणेन.

कदाचित त्या वाड्यातल्या ओट्यामुळेच मी इतकी अडून बसले असेन. असू दे.

तू गुरुवारी ये. स्टिकर आणलेस तरी चालेल, पण हजेरीचे कागद आण आणि सगळ्यांना ओळखणारा एखादा फर्स्ट इयरचा मुलगा बरोबर आण. बटर पेपर माझ्याकडे आहे. सोबत त्या २००८च्या पानाची झेरॉक्स पाठवते आहे. तू पंचवटीतच राहतेस, तुझ्या आजीला दाखव. ओट्यावर मध्ये बसलेल्या, कपाळावर मोठं कुंकू, हातात पितळी गाळणी. चेहरा अर्धाच आहे, पण त्या वयाच्या बायका एकमेकींना हातावरूनही ओळखतात.

तुझी,
ताई